आरमार, आंबा आणि अरण्य : ‘आज्ञापत्रा’तील वृक्षविषयक उताऱ्याची चिकित्सा

प्रास्ताविक

वृक्षसंवर्धनाचा विषय मराठीत निघाला की एका उताऱ्याचे स्मरण हमखास केले जाते. आरमाराला लाकडाची कितीही निकड असली तरी रयतेच्या आंब्या-फणसाला धक्का लावू नये, लावणाऱ्याने ती झाडे पोटच्या मुलासारखी सांभाळलेली असतात, अशा आशयाचा हा उतारा वनमहोत्सवाच्या भाषणांत, सामाजिक वनीकरणाच्या पुस्तिकांत, दिनदर्शिकांच्या पानांवर आणि शाळांच्या भिंतींवर आढळतो. त्याखाली बहुधा छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव असते. मालवण परिसरात या उताऱ्याला आणखी एक जिव्हाळ्याचा संदर्भ आहे. उतारा आरमाराविषयीचा आणि समोर कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात उभारलेला सिंधुदुर्ग. याच आरमारी परंपरेचे स्मरण म्हणून ४ डिसेंबर २०२३ रोजी नौसेना दिनाचा मुख्य सोहळा मालवणात झाला होता.

एखादा उतारा फार परिचित झाला की तो वाचला जाणे थांबते. तो केवळ म्हटला जातो. या उताऱ्याचे तसे झाले आहे. तो कोणी लिहिला, कोणत्या प्रकरणात लिहिला, कोणत्या झाडांना तो संरक्षण देतो आणि कोणत्या झाडांना देत नाही, हे प्रश्न विचारले जात नाहीत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जंगलतोडीच्या संदर्भात हे प्रश्न विचारणे निकडीचे झाले आहे. कारण जे जंगल आज तुटते आहे, त्याविषयी हा उतारा लोकांना वाटते ते बोलतच नाही. प्रस्तुत लेखात मूळ संहितेच्या आधारे त्याची चिकित्सा करावयाची आहे.

संहितेतील स्थान

‘आज्ञापत्र’ हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्य यांनी इ. स. १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या छत्रपती संभाजी महाराजांच्या नावे सिद्ध केला. शिवाजी महाराजांच्या निधनाला तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती. म्हणजे उताऱ्याखाली जे नाव छापले जाते ते शब्दशः बरोबर नाही. तथापि रामचंद्रपंत राज्याभिषेकसमयीच्या अष्टप्रधानांपैकी एक होते, राजाराम महाराज जिंजीला असताना महाराष्ट्राचा कारभार त्यांनी सांभाळला, आणि ग्रंथात त्यांनी शिवकालीन राजनीतीचाच वारसा सांगितला आहे. रयतेच्या भाजीपाल्यालाही हात लावू नये अशी ताकीद चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना देणारे शिवकालीन पत्र प्रसिद्ध आहे. त्या पत्रातील दृष्टी आणि या उताऱ्यातील दृष्टी यांचे नाते उघड आहे. तेव्हा कर्तृत्वाची चूक ही येथे मोठी चूक नव्हे. मोठी चूक संदर्भाची आहे.

हा उतारा झाडांविषयीच्या प्रकरणातला नाही. तसे प्रकरण ‘आज्ञापत्रा’त नाहीच. राजाची कर्तव्ये, प्रधान, साहुकार, वतनदार, वृत्ती, दुर्ग असे विषय हाताळून ग्रंथ अखेरीस आरमाराकडे येतो. तारवे कशी बांधावीत, त्यांवर माणसे कशी ठेवावीत, सावकारी जहाजांशी कसे वागावे, आरमाराची छावणी कोठे करावी याचे विवेचन चालू असताना लाकडाचा प्रश्न येतो. जहाजाला तख्ते लागतात, सोट लागतात, डोलकाठ्या लागतात. ते कोठून आणावेत, हा अमात्यांपुढचा प्रश्न आहे. रूढ अर्थाने हा पर्यावरणविचार नाही. ही सरकारी खरेदीची शिस्त आहे.

ही शिस्त ज्या घटकेला लिहिली गेली ती घटकाही लक्षात घेण्याजोगी आहे. १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या शिष्टाईने कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या पक्षाला मिळाले. मराठ्यांच्या आरमाराचा मोठा भाग त्यामुळे सातारच्या बाजूला गेला. कोल्हापूरकडे उरले ते मुख्यतः दक्षिण कोकणातले, मालवणच्या आश्रयाचे आरमार. अमात्यांची बावड्याची जहागीर घाटमाथ्यावर, आणि तेथून खाली उतरले की आजचा सिंधुदुर्ग जिल्हा. म्हणजे ‘आरमार’ प्रकरण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जी किनारपट्टी, जी रयत आणि जी झाडे असणार, ती बऱ्याच अंशी याच मुलखातली. नव्याने आरमार उभे करण्याची गरज आहे, तिजोरी रिकामी आहे आणि डोंगर उतरताच रयतेचे आंबे-फणस आयते उभे आहेत. मोह होण्यासारखी ही स्थिती होती. उताऱ्यातील निषेधाला जी धार आहे ती या मोहाच्या पार्श्वभूमीवर समजते.

उताऱ्याची बांधणी

उताऱ्यातील युक्तिवादाचा क्रम पाहण्यासारखा आहे. आरंभी सागादी रानातील वृक्षांचा उल्लेख येतो. त्यांतील जे आरमाराच्या उपयोगाचे असेल ते हुजूरची परवानगी घेऊन तोडावे. त्याहून अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. यानंतर आंब्या-फणसाकडे वळून अमात्य एकामागून एक कारणे देतात. पहिले कारण काळाचे : अशी झाडे पिढी खर्चून उभी राहतात. दुसरे कष्टाचे आणि मायेचे : रयतेने ती अपत्यवत वाढवलेली असतात. तिसरे दुःखाचे : ती तुटली तर त्या दुःखाला सीमा राहत नाही. चौथे नैतिक कार्यकारणाचे : दुसऱ्याला दुखवून साधलेले काम करणाऱ्यासह थोड्याच काळात लयाला जाते. पाचवे राज्यकर्त्याच्या बदनामीचे. आणि या सर्वांच्या शेवटी, अगदी चार शब्दांत, झाडे नसल्यामुळे होणाऱ्या हानीचे.

आधुनिक वाचक जे कारण सर्वांत आधी देईल ते अमात्यांनी सर्वांत शेवटी, जाता जाता दिले आहे. यावरून त्यांना निसर्गाची जाण नव्हती असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. त्यांच्या युक्तिवादाचा कणा वेगळा आहे, इतकेच. झाड येथे कोणाच्या तरी श्रमाचे साठवलेले रूप आहे. ते तोडणे म्हणजे एका माणसाचे आयुष्यातले काही दशकांचे काम हिरावून घेणे. म्हणून हा गुन्हा निसर्गाविरुद्धचा नसून प्रजेविरुद्धचा आहे, आणि गुन्हेगार कोण असू शकतो याविषयीही संहितेत संदिग्धता नाही. तो राज्याचा नोकर आहे. सारा निषेध त्याला उद्देशून आहे.

फलकांवर बहुधा गाळला जाणारा शेवटचा भाग या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. झाड फार जुने होऊन निरुपयोगी झाले असेल तर धन्याची समजूत घालून, त्याला पैसे देऊन, तो संतुष्ट झाल्यावरच ते न्यावे. जबरदस्ती अजिबात करू नये. म्हणजे निषेधाला अपवाद आहे आणि अपवादाला तीन अटी आहेत : झाडाची अवस्था, मालकाची संमती आणि मोबदला. मराठी गद्यातील परवानगीच्या या तपशीलवार नियमाकडे समीक्षेनेही पुरेसे लक्ष दिलेले नाही. उताऱ्यातील अपत्यप्रेमाच्या उपमेवर लिहिताना लेखणी सुटते. मोबदल्याच्या अटीवर कोणी थांबत नाही.

तीन प्रकारची झाडी

‘आज्ञापत्र’ समग्र वाचले तर त्यात झाडांविषयी एक नव्हे, तीन वेगवेगळे नियम सापडतात. एक रानातल्या सागाचा : तो राज्याचा आहे, परवानगीने आणि गरजेपुरता तोडावा. दुसरा रयतेच्या आंब्या-फणसाचा : तो राज्याचा नाही, म्हणून राज्याने त्याला हात लावू नये. तिसरा नियम ‘दुर्ग’ प्रकरणात येतो आणि तो फारसा उद्धृत होत नाही. गडावर जी झाडे असतील ती राखावीत, उपयोगी-निरुपयोगी असा भेद न करता आणखी लावावीत, वेळप्रसंगी निदान लाकूड म्हणून ती कामी येतील, असे अमात्य म्हणतात. पण गडाच्या घेराभोवतीच्या झाडीविषयी त्यांचा सूर बदलतो. ती झाडी हीच गडाची राखण. ती प्रयत्नपूर्वक वाढवावी आणि तिच्यातील काडीही कोणाला तोडू देऊ नये. तेथे ना परवानगीची सोय आहे, ना मोबदल्याची.

हा फरक अर्थपूर्ण आहे. ज्या झाडीला मालक नाही, जी कोणी लावलेली नाही, जिच्यावर कोणाची माया नाही, तिला संपूर्ण अभय देणारा हा ग्रंथातील एकमेव नियम आहे. त्या अभयाचे कारण लष्करी आहे. शत्रू चढून येऊ नये, वेळ आल्यास त्या झाडीत बंदूकधारी बसवता यावेत, यासाठी ती हवी. दाट, काटेरी, वाट न देणारी झाडी, म्हणजे आजच्या महसुली दप्तरात जिची नोंद ‘पड’ किंवा ‘वरकस’ अशी होण्याचा संभव अधिक, ती अमात्यांना सर्वांत मौल्यवान वाटते. उपयोगाच्या झाडाला अपवाद आहेत. निरुपयोगी वाटणाऱ्या झुडुपांना नाहीत.

उलट रानातील साग हा तिन्हींमध्ये सर्वांत असुरक्षित राहतो. त्याच्यासाठी हुजूरच्या परवान्याखेरीज दुसरा अडसर नाही. जास्तीचे लाकूड परमुलखातून आणावे या सूचनेने स्वराज्यातले रान काही प्रमाणात वाचते हे खरे, परंतु तोडीचा भार कोणत्या तरी दुसऱ्या मुलखातील रानावर पडतो. याची चिंता अठराव्या शतकातील कारभाऱ्याने करावी अशी अपेक्षा नाही. मात्र या उताऱ्याला ‘जगातील आद्य वनसंरक्षण कायदा’ म्हणणाऱ्यांनी ती करावयास हवी.

मलबारचा दाखला

याच पश्चिम किनाऱ्यावर, याच गरजेतून, शंभर वर्षांच्या आत दुसरा एक नियम निघाला. मुंबईच्या गोदीत कंपनी सरकारची आणि ब्रिटिश नौदलाची जहाजे मलबारी सागातून बांधली जात. (१८१७ साली मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत्या स्थितीत जतन केलेले आहे. सागाच्या टिकाऊपणाची याहून चांगली जाहिरात नाही, आणि त्याच्यावरील संकटाचे याहून चांगले स्पष्टीकरणही नाही.) सागाचा पुरवठा आटू लागल्यावर १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्याची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली आणि पुढील वर्षी सागावर कंपनीचा हक्क जाहीर करण्यात आला. सरकारी परवान्याशिवाय साग तोडणे गुन्हा ठरले. ज्यांच्या जमिनीत साग उभा होता त्या मालकांचे आणि लाकूड व्यापाऱ्यांचे हक्क बुडाले, असंतोष वाढत गेला, आणि १८२३ मध्ये मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी ते पदच रद्द केले.

दोन्ही ठिकाणी प्रश्न जहाजाच्या लाकडाचा. अमात्यांनी नोकरशाहीला आवर घातला आणि मालकाच्या संमतीला मान दिला. कंपनीने मालकाला आवर घातला आणि संमतीचा प्रश्नच निकालात काढला. हिंदुस्थानातील पुढील वनप्रशासनाने कोणाचा वारसा घेतला हे सांगण्याची गरज नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘वनगुन्हा’ म्हणजे सामान्यतः सरकारी वनाविरुद्ध प्रजेने केलेला गुन्हा. त्याच प्रशासनाच्या फलकावर अमात्यांचा उतारा झळकावा, यात एक विसंगती आहे.

१९६४ चा अधिनियम : उलटलेले नाते

महाराष्ट्रात खासगी जमिनीवरील झाडांच्या तोडीवर १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाने नियंत्रण आणले. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, ऐन, किंजळ, बिवळा, जांभूळ यांच्याबरोबर आंबा, फणस, चिंच, मोह आणि कांदळवनातील झाडेही आहेत. अमात्यांनी ज्यांच्यात भेद केला ती रानातली आणि परसातली झाडे येथे एका यादीत आली. वृक्ष अधिकारी परवानगी देतो ती झाड मेलेले, रोगट, वाऱ्याने पडलेले किंवा पूर्ण वाढलेले असल्यास. ‘आज्ञापत्रा’तील जीर्ण झाडाची अट येथे ओळखू येते. बदलली आहे ती दिशा. तेथे राज्याने रयतेची संमती घ्यावयाची होती; येथे रयतेने राज्याची घ्यावयाची आहे.

हा बदल मुळातच चुकीचा आहे असे म्हणता येत नाही. कारण मधल्या काळात रयतही बदलली. रायवळ आंब्याचे उदाहरण घेता येईल. मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात हापूसच्या कलमांपुढे रायवळाला बाजारात किंमत राहिली नाही. पूर्वी त्याच्या सोटातून डोणी कोरल्या जात, पुढे त्याच्या फळ्यांच्या आंबापेट्या झाल्या, आता पुठ्ठ्याचे खोके आले तरी जळाऊ लाकूड आणि प्लायवूड यांसाठी त्याला गिऱ्हाईक आहे. आजोबांनी लावलेला, दोन माणसांच्या कवेत न मावणारा रायवळ नातू स्वतः विकतो. त्याला कोणी जबरदस्ती केलेली नसते. उलट, तो राजी असतो, त्याला पैसे मिळतात आणि तो संतुष्ट होतो. अमात्यांच्या तिन्ही अटी पुऱ्या होतात आणि झाड जाते.

उताऱ्याची मर्यादा येथे उघडी पडते. त्याचा सारा जोर एका गृहीतावर आहे : झाडाचा धनी झाडावर माया करतो. ही माया होती तोवर राज्याच्या नोकराला रोखणे पुरेसे होते. धनीच विकण्यास सिद्ध झाला म्हणजे अमात्यांपाशी उत्तर नाही. त्यांना तो प्रश्नच पडलेला नाही. १९६४ च्या अधिनियमाला तो पडला, परंतु त्याचे उत्तर दीर्घकाळ एक हजार रुपयांपर्यंतच्या दंडाचे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा दंड पन्नास हजारांपर्यंत नेण्याचे ठरवले तेव्हा कोकणातून विरोध उमटला. आपल्याच जमिनीतले झाड तोडल्याबद्दल एवढा दंड का, हा शेतकऱ्याचा प्रश्न अमात्यांच्या भाषेतलाच आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. प्रजेला पीडा झाल्याचा दोष राज्यकर्त्यावर येतो, हेच त्या विरोधाचेही म्हणणे. जंगल वाचवू पाहणारा आणि दंडाला विरोध करणारा असे दोघेही या एकाच उताऱ्याचा आधार घेऊ शकतात.

न लावलेले जंगल

सिंधुदुर्गातील तोडीचा गाभा मात्र रायवळात नाही. तो सह्याद्रीच्या पायथ्याच्या, कोणी न लावलेल्या जंगलात आहे. मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले तर हे जंगल दिसत नाही, तरीही मालवणच्या खाड्यांत उतरणारे पाणी आणि गाळ डोंगरावरूनच येतो. जिल्ह्याच्या आग्नेयेला सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा राधानगरीच्या जंगलाला गोव्यातील म्हादई आणि कर्नाटकातील भीमगड अभयारण्यांशी जोडतो. या पट्ट्यातील बरीचशी झाडी सरकारी राखीव वनात मोडत नाही. ती खासगी किंवा सामाईक मालकीची आहे. गेल्या काही दशकांत या जमिनी बाहेरून आलेल्या खरेदीदारांनी घेतल्या, उभी झाडी साफ केली आणि तेथे रबर, अननस यांची लागवड झाली. खाणींचे प्रस्ताव निराळेच.

‘अवैध वृक्षतोड’ या शब्दप्रयोगाने या प्रक्रियेचे वर्णन होत नाही, ही खरी अडचण आहे. त्या शब्दांनी मनासमोर येतो तो रात्री करवत घेऊन सरकारी रानात शिरणारा चोर. येथे सातबारा आहे, खरेदीखत आहे, कधी तोडीचा परवाना आणि वाहतुकीचा पासही आहे. नाक्यावरचा वनरक्षक ट्रक अडवतो आणि पास पाहून सोडतो. पासात ओंडक्यांची संख्या आणि घनमीटर असतात. ते ओंडके जेथून आले तेथे पुढच्या वर्षी काय असेल, हे त्यात नसते. रबराची लागवड वाढून छत्र धरू लागली की उपग्रहाच्या चित्रात तो भाग पुन्हा हिरवा दिसतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठ्या आणि दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असलेल्या कोणत्याही क्षेत्राची गणना वनाच्छादनात होते, मग मालकी कोणाचीही आणि झाडे कोणतीही असोत. अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी तीन प्रकारची झाडी ओळखली होती. या गणनेत ती एकच आहे.

भाषेच्या अभ्यासकाला रस वाटावा अशी एक घटना येथे नमूद करणे आवश्यक आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात दिलेला असेल तोच धरावा, मालकी कोणाचीही असो, असे सांगितले. कायद्याच्या इतिहासात कोशाला इतके महत्त्व क्वचितच मिळाले असेल. २०२३ च्या दुरुस्तीने हा अर्थ आकुंचित केला, त्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तूर्त कोशातलाच अर्थ पाळण्याचा अंतरिम आदेश दिला. एका शब्दाच्या अर्थावर किती जमीन अवलंबून असते याचे हे उदाहरण. सावंतवाडी-दोडामार्गच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने आवाज फाउंडेशन आणि वनशक्ती या संस्थांच्या याचिकेवर २०१३ मध्ये वृक्षतोडीला बंदी घातली. मार्च २०२४ मध्ये निकाल देताना या पट्ट्यातील पंचवीस गावे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले आणि तोड रोखण्यासाठी कृतिदल नेमण्यास सांगितले. बंदी असतानाच्या दशकभरात तोड थांबली असती, तर कृतिदलाची आवश्यकता भासली नसती.

या आदेशांचे ‘आज्ञापत्रा’तील सर्वांत जवळचे रूप शोधायचे झाले तर ते आरमाराच्या प्रकरणात सापडणार नाही. ते गडाच्या घेऱ्यातील झाडीच्या नियमात सापडेल. संमती, मोबदला, जीर्णता यांपैकी काहीही न विचारता एक संपूर्ण झाडी तिच्या जागेमुळे अस्पर्श ठरवणे, हेच संवेदनशील क्षेत्राच्या कल्पनेचे मर्म आहे. मालवणच्या खाड्यांतील कांदळवनालाही न्यायालयाने याच पद्धतीचे अभय दिले : ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि पुढे सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवनाची तोड राज्यभर रोखली गेली. कर्ली, कोळंब, कालावल या खाड्यांच्या काठची ही झाडी कोणी लावलेली नाही आणि तिच्या लाकडाला आंब्या-फणसाची प्रतिष्ठा नाही. गडाभोवतीच्या काटेरी झुडुपांचा मान मात्र तिला देता येतो, कारण तीही राखणच करते; शत्रू बदलला आहे, लाटा आणि वादळे त्याच्या जागी आहेत. तरीही वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात म्हटला जातो तो आंब्याचाच उतारा. ज्या झाडीला बचावाची सर्वांत जास्त गरज आहे तिच्या बाजूचे वाक्य त्याच ग्रंथात असून पडून राहिले, ही निवड करणाऱ्यांची चूक आहे, अमात्यांची नव्हे.

कौल आणि कुलमुखत्यारपत्र

न लावलेल्या झाडीला अभय देणारी आणखी एक व्यवस्था या मुलखात होती, ती लिखित संहितेच्या बाहेरची. जिल्ह्यातील अनेक गावांत ग्रामदेवतेच्या नावे राखलेल्या देवराया आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हापासून त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. रूढी अशी की राईतील झाड तोडायचे तर देवाचा कौल घ्यावा लागतो. ‘आज्ञापत्रा’च्या परिभाषेत बोलायचे तर येथे झाडाचा धनी देव आहे, त्याची समजूत घालण्याचा मार्ग कौल आणि त्याला द्रव्य देऊन राजी करणे अशक्य. ही योजना लाकूड व्यापाऱ्याला अडवण्यासाठी चांगलीच होती. तिचे भाबडे गुणगान करण्याचे मात्र कारण नाही. गेल्या काही दशकांत मंदिरांचे जीर्णोद्धार झाले, कौलारू देवळांच्या जागी सिमेंटची शिखरे आली, आणि त्यांच्या खर्चासाठी राईतली झाडे गेल्याची उदाहरणे कोकणात ठिकठिकाणी सांगितली जातात. कौल तेथेही घेतला गेला असणार.

देवाच्या संमतीची ही कथा, तर माणसांच्या संमतीची आणखी गुंतागुंतीची. कोकणातील सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असणे नवलाचे नाही. त्यांतली निम्मी मुंबईत, काही हयात नसलेली, काहींच्या वारसांची नोंद व्हायची राहिलेली. त्यांपैकी कितींनी ती झाडी कधी पाहिली, हा प्रश्न खरेदीखतात विचारला जात नाही. अमात्यांच्या उताऱ्यातील धनी झाडाजवळ उभा आहे. त्याला भेटून, त्याच्याशी बोलून, त्याच्या चेहऱ्यावर संतोष आहे की नाही हे पाहून मगच कुऱ्हाड चालवायची आहे. आज त्याच्या जागी एक कुलमुखत्यारपत्र असते. त्यावर सह्या असतात, शिक्का असतो, आणि जमिनीचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते. झाडांचा उल्लेख असलाच तर शेवटच्या परिच्छेदात, ‘त्यातील झाडझाडोऱ्यासह’ एवढ्याच शब्दांत येतो.